थोर वगैरे नको, एक प्रसंग सांगा

शेवटची_रांग (धागाकर्ता) | शुक्रवार, रात्री ११.४०

परवा आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सॲप गटावर एकाने विचारलं, ‘जागतिक सिनेमा बघायला सुरुवात करायची आहे, कुठून करू?’ अर्ध्या तासात चाळीसएक नावं येऊन पडली. बर्गमन, तारकोव्हस्की, ओझू, ब्रेसाँ, किआरोस्तामी, राय, घटक. विचारणाऱ्याने हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि दुसऱ्या दिवसापासून तो परत क्रिकेटवर बोलायला लागला. त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

त्या चाळिसातली दहा-बारा नावं माझीच होती. रात्री पडल्या पडल्या हिशेब केला, यातले मला खरंच किती आठवतात? साल आठवतं, कान महोत्सवात काय मिळालं ते आठवतं, पोस्टर आठवतं. सिनेमा काही केल्या आठवेना.

म्हणून हा धागा. एक दिग्दर्शक, एक चित्रपट, त्यातला एकच प्रसंग. न बघितलेल्याला दिसेल असा सांगायचा. ‘अप्रतिम’, ‘निःशब्द’, ‘मास्टरपीस’ हे शब्द बाद. रसभंगाची काळजी नको, या सिनेमांत शेवट सांगून फारसं काही बिघडत नाही.

माझ्यापासून सुरुवात. अब्बास किआरोस्तामी, ‘मित्राचं घर कुठे आहे?’, १९८७. लॉ कॉलेज रोडवरच्या फिल्म अर्काइव्हच्या थिएटरात बघितला होता. उत्तर इराणमधलं कोकेर हे खेडं. नेमतजादे नावाच्या मुलाने गृहपाठ वहीत केलेला नाही म्हणून मास्तर त्याला सगळ्यांदेखत झापतात, पुन्हा असं झालं तर शाळेतून नाव काढीन म्हणतात. शेजारी बसणारा अहमद घरी येऊन दप्तर उघडतो तर आत दोन वह्या. नेमतजादेची वही चुकून याच्याकडे आली आहे. मुखपृष्ठं अगदी सारखी.

तो अंगणात आईकडे जातो. वही द्यायला जायचंय. आई म्हणते, गृहपाठ कर. तो म्हणतो, अगं पण वही. आई म्हणते, गृहपाठ कर आणि मग खेळायला जा. खेळायला नाही, वही द्यायला. मध्येच बाळ रडतं, आई म्हणते पाळणा हलव. तो हलवतो आणि परत येतो. दोन्ही वह्या तिच्यासमोर धरतो, बघ, सारख्याच दिसतात की नाही? ती बघतच नाही. पाच-सात वेळा तेच बोलणं होतं. पोराचा आवाज एकदाही चढत नाही, डोळे मात्र प्रत्येक वेळी थोडे मोठे होतात.

लहानपणी मोठ्यांना काही सांगायला गेलं की त्यांच्या कानापर्यंत ते पोचायचंच नाही. ती आई मला आजही डोळ्यांसमोर नको वाटते.

तुमचे येऊ द्या.

ताकभात | शुक्रवार, रात्री ११.५८

पॉपकॉर्न घेऊन बसले आहे. वाचनखूण साठवली.

ओसाकाकर | शनिवार, सकाळी ७.१५

माझा ठरलेला. यासुजिरो ओझू, ‘तोक्यो स्टोरी’, १९५३.

गोष्ट एका ओळीची. ओनोमिची गावातले म्हातारा-म्हातारी तोक्योत राहणाऱ्या मुलांकडे जातात, मुलांना वेळ नसतो, दोघं परत येतात, म्हातारी जाते. यावर सव्वादोन तास.

लोक शेवटचा घड्याळाचा प्रसंग सांगतात. सासरा आपल्या मेलेल्या बायकोचं घड्याळ विधवा सुनेला देतो तो. मला वेगळाच आठवतो. मोठी मुलगी शिगे घरात ब्यूटी पार्लर चालवते. तिचा नवरा सासू-सासऱ्यांसाठी म्हणून कौतुकाने गोड केक घेऊन येतो. शिगे कागद उघडून बघते आणि म्हणते, एवढं महागाचं कशाला आणलंत, त्यांना साधं काहीतरी चाललं असतं. असं म्हणत त्यातलाच एक उचलून खाते, वर चांगला आहे असंही सांगते. आईबाप तेव्हा वरच्या मजल्यावर.

बास, एवढंच. संगीत नाही, कोणी दुखावलेला चेहरा करत नाही. पहिल्यांदा मी हसलो होतो. दुसऱ्यांदा बघितला तेव्हा माझे आईबाबा इथे तीन महिने येऊन परत गेले होते. आता तो केक माझ्या घशाखाली उतरत नाही. त्या तीन महिन्यांत मी त्यांना क्योतोची एका दिवसाची बस टूर काढून दिली होती आणि स्वतः ऑफिसला गेलो होतो. सिनेमात बस टूरला सून निदान बरोबर तरी जाते. तीही रजा काढून.

ओझूचा कॅमेरा जमिनीपासून थोडासाच वर असतो, त्यावर पुस्तकंच्या पुस्तकं लिहिली आहेत. मराठी माणसाला एका वाक्यात सांगायचं तर पाटावर बसल्यावर घर जेवढं दिसतं तेवढं. म्हाताऱ्याचं काम केलेला चिशू र्यू तेव्हा एकोणपन्नास वर्षांचा होता, हे मला कळलं तेव्हा खरं वाटेना. सत्तरीचं बसणं, उठणं, पंखा हलवणं.

ओनोमिचीला जाऊन आलोय. इथून फार लांब नाही. चढावर घरं, खाली चिंचोळा समुद्र, मधून रेल्वे. म्हातारी गेल्यावर म्हातारा सकाळी ज्या देवळाच्या आवारात उभा असतो ते जोदोजी अजून तसंच आहे. सून त्याला शोधत येते आणि तो म्हणतो, आजही उकडणार. मी गेलो तेव्हा भर जानेवारी होता, नाक गळत होतं. कामाकुराजवळच्या देवळात ओझूची समाधी आहे, तिच्यावर नाव नाही, फक्त ‘मू’ हे एक अक्षर कोरलेलं. ‘काही नाही’ असा अर्थ. लोक पुढ्यात साकेच्या बाटल्या ठेवून जातात.

पिठलं_भात | शनिवार, सकाळी १०.०५

आता शिव्या खायला येतो. मला हे सिनेमे झेपत नाहीत. प्रामाणिक प्रयत्न केलाय. तारकोव्हस्कीचा ‘स्टॉकर’ (१९७९) लावला. तिघं जण रुळावरच्या ट्रॉलीत बसून निघाले. त्यांच्या डोक्यांच्या मागून कॅमेरा. खट खट, खट खट. डोळे मिटले. उघडले तर तिघं ट्रॉलीतच. परत मिटले. उघडले तर गवतात झोपलेले. म्हटलं तेही झोपलेत, मला कोण बोलणार? बायकोने टीव्ही बंद केला.

ही रेल्वे पावणेतीन तास चालते. दीडशेसुद्धा शॉट नाहीत म्हणे. आमच्या टीव्हीवर एका सासूने सुनेकडे वळून बघेपर्यंत तेवढे होतात.

खरं सांगा, तुम्हा सगळ्यांना हे आवडतं, की न आवडण्याची लाज वाटते?

ओसाकाकर | शनिवार, सकाळी १०.३०

पिठलंराव, तुम्ही जो सांगितलात तोही प्रसंगच आहे, धाग्यात बसतो. आणि किआरोस्तामी स्वतः म्हणायचा, की मला असे सिनेमे आवडतात जे थिएटरात झोपवतात पण नंतर रात्री जागं ठेवतात. तुमचा अर्धा टप्पा झाला.

त्या ट्रॉलीची खटखट नीट ऐका एकदा. सुरुवातीला ती साधी रुळांची असते. हळूहळू तिच्यात काहीतरी विजेचं, घुमणारं मिसळत जातं. कधी बदललं ते कळत नाही. आर्तेम्येव्ह या संगीतकाराची करामत. तिघं ज्या बंदी असलेल्या प्रदेशात निघालेत त्या ‘झोन’मध्ये आपण पोचलो, हे आधी कानाला कळतं. बिचाऱ्यांनी हा सिनेमा दोनदा काढलाय. पहिल्या खेपेला बाहेरची बरीचशी रिळं धुताना वाया गेली.

पिठलं_भात | शनिवार, सकाळी १०.४१

दोनदा काढला, आणि मला एकदा बघवला नाही. धन्य.

रीळबदलू | शनिवार, दुपारी ३.२०

मंडळी, वयाने मी इथे थोरला असावा. एका तालुक्याच्या गावी आमची फिल्म सोसायटी होती. सोळा मिलिमीटरचा एकच प्रोजेक्टर. रीळ संपलं की दिवे लावायचे, पुढचं चढवेपर्यंत लोक विडी ओढून यायचे. चढवणारा मी. एकदा एका युरोपियन सिनेमाचं तिसरं रीळ दुसऱ्याच्या आधी लावलं. माझ्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता, गप्प बसलो. नंतर चर्चेत आमचे एक प्राध्यापक दिग्दर्शकाने काळाची केलेली मोडतोड या विषयावर वीस मिनिटं बोलले. मी चहा वाटत होतो. आज पहिल्यांदा कबुली देतोय. पिठलंरावांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यात आहे. लाज असते. थोडी असतेच.

पण उरलेलं अर्धं असं. राय यांचा ‘पथेर पांचाली’, १९५५. हरिहर बरेच महिने बाहेर राहून घरी परततो. वादळाने घर पडायला आलंय. मुलगी दुर्गा गेली आहे, हे त्याला ठाऊक नाही. बायकोला सांगवत नाही. तो पिशवी सोडून एकेक वस्तू दाखवतो. बघ, पोळपाट-लाटणं आणलंय. बघ, लक्ष्मीची तसबीर. आणि ही दुर्गासाठी साडी. बायको साडी हातात घेते, दातांत धरते आणि कोसळते. तिचं रडणं आपल्याला ऐकूच येत नाही. तिच्या आवाजाच्या जागी तारशहनाई वाजते, वरच्या पट्टीत. इसराजला कर्णा लावलेलं ते वाद्य, दक्षिणामोहन टागोरांनी वाजवलेलं.

आमच्या गावी प्रिंटवर इंग्रजी सबटायटलं होती आणि निम्म्या लोकांना ती वाचता येत नव्हती. बाजार समितीतले हमाल, दोन-तीन शिक्षिका, पोस्टमन. साडी बाहेर निघाली तशी मागून एक बाई मोठ्याने म्हणाली, ‘अगं बाई, त्याला माहीतच नाही.’ त्यानंतर रीळ बदलायला मी दिवे लावले तर कोणी विडी ओढायला उठलं नाही.

१९९३ साली लंडनच्या एका लॅबला आग लागली, त्यात या सिनेमाची मूळ निगेटिव्ह जळून वाकडी झाली. ती टाकून न देता कोणीतरी जपून ठेवली. पुढे इटलीत बोलोन्याच्या कारागिरांनी ती भिजवून, मऊ करून, कडेची भोकं हाताने दुरुस्त करून जेवढी वाचली तेवढी वाचवली, उरलेलं दुसऱ्या प्रिंटांवरून घेतलं. २०१५ मध्ये नवी प्रत आली. मी ती पुण्यात बघितली. पोळपाटाच्या लाकडाच्या रेषा दिसतात. आमच्या प्रिंटमध्ये तो नुसता पांढरा गोळा होता.

ताकभात | शनिवार, दुपारी ३.५१

काका, प्राध्यापकांना कळलं का कधी?

रीळबदलू | शनिवार, दुपारी ४.०२

ते गेले. भाषण फार सुंदर झालं होतं, कळून काय करायचंय.

मुंग्या | शनिवार, सायंकाळी ६.३०

ब्रेसाँ, ‘अ मॅन एस्केप्ड’, १९५६. जर्मनांच्या तुरुंगातून एक कैदी पळून जातो तो. ‘निसटला’ हे नावातच सांगून टाकलंय, त्यामुळे रसभंगाचा प्रश्न दिग्दर्शकानेच मिटवलाय. प्रसंग म्हणजे चमचा. जेवणाचा लोखंडी चमचा फरशीवर घासून घासून त्याची पटाशी करतो आणि दाराच्या दोन फळ्यांमधलं मऊ लाकूड रोज थोडं थोडं खरवडतो. भुसा गोळा करतो. पहारेकऱ्याची पावलं वाजली की थांबतो. कितीतरी वेळ पडद्यावर फक्त हात आहेत. माझे वडील सुतार होते. ते हा भाग बघताना म्हणाले, ‘बरोबर करतोय.’

सावळी | शनिवार, रात्री १०.१०

लिहू की नको करत होते. मुंग्यांच्या वडिलांमुळे लिहिते.

शांताल अकरमन. ‘जान दिलमान’. नाव याहून लांब आहे, त्यात नायिकेचा ब्रसेल्समधला घरचा पत्ताही येतो. १९७५. करणारी तेव्हा चोवीस-पंचवीस वर्षांची होती. ‘साइट अँड साउंड’ मासिक दर दहा वर्षांनी समीक्षकांची मतं घेतं, त्यात २०२२ साली हा पहिला आला. बाईने केलेला सिनेमा पहिला यायची ती पहिलीच वेळ. तेव्हा बऱ्याच पुरुषांनी नाकं मुरडली म्हणून मी हट्टाने बघायला घेतला.

तीन तास वीस मिनिटं. एका विधवेचे तीन दिवस. अंथरुण आवरणं, मुलाचे बूट पॉलिश करणं, भांडी, बाजार, स्वयंपाक. खोलीतून बाहेर पडताना प्रत्येक वेळी दिवा बंद. दुपारी एक गिऱ्हाईक येतं, बटाटे शिजायला ठेवून ती त्याच्याबरोबर खोलीत जाते, तो गेला की पैसे जेवणाच्या टेबलावरच्या सुपाच्या भांड्यात. हेही बाकीच्या कामांसारखंच एक काम.

दुसऱ्या दिवशी काहीतरी बिनसतं. गिऱ्हाईक गेल्यावर येऊन बघते तर बटाटे जास्त शिजलेत. ती भांडं उचलते. स्वयंपाकघरातून बाहेर येते, परत आत जाते, न्हाणीघराशी जाते, परत येते. भांडं हातातच. कुठे टाकावं हे सुचत नाही. केस थोडे विस्कटलेत, जे आदल्या दिवशी नव्हते. मग बाजारात जाऊन नवे बटाटे आणते आणि आपल्याकडे तोंड करून सोलायला बसते. कॅमेरा जागचा हलत नाही.

पिठलंराव, तुम्ही म्हणाल काहीच घडत नाही. बटाटे जास्त शिजले हे घडलंच की.

मी हा सिनेमा चार दुपारी मिळून बघितला, ओट्यावर लॅपटॉप ठेवून. माझ्या कुकरच्या शिट्ट्या तिच्या घरात ऐकू जात होत्या. गेली अकरा वर्षं सकाळी साडेसातला दोन डबे जातात. एकदा, सासूबाई दवाखान्यात होत्या तेव्हा, खाली भात करपला आणि मी ते पातेलं घेऊन बाल्कनीत गेले, तिथून मोरीत, तिथून परत ओट्याशी. नवऱ्याने विचारलं काय शोधतेस. मला सांगता येईना. भात करपल्याचं काही नव्हतं हो ते. त्या पातेल्याला ठेवायला घरात जागाच नव्हती.

हे कोणी कधी पडद्यावर दाखवेल असं मला वाटलं नव्हतं.

भोपळे_चौक | शनिवार, रात्री १०.४४

सावळीताई, काय लिहिलंय!

बटाट्यावरून बटाटा आठवला. बेला तार, ‘तुरिनचा घोडा’, २०११. माळरानावर दगडी घर, बाहेर वावटळ थांबत नाही. बाप आणि लेक. बापाचा उजवा हात लुळा. रोजचं जेवण म्हणजे एकेक उकडलेला बटाटा, लाकडी ताटलीत. वाफा निघताहेत तोच बाप डाव्या हाताच्या नखांनी साल ओरबाडतो, बोटं भाजतात, फुंकतो, मुठीने बटाटा फोडतो, मीठ घेतो आणि अर्धा तसाच टाकून उठतो. लेक मात्र सावकाश खाते. दुसऱ्या दिवशी तेच जेवण, पण कॅमेरा दुसऱ्या बाजूला. म्हणजे काल ज्याचा चेहरा बघितला त्याच्या समोरचं माणूस आज बघायचं.

तीसेक शॉटमध्ये अख्खा सिनेमा. मी बघितला तेव्हा मध्यंतर नव्हतं आणि मला भूक लागली होती. बाहेर पडून बटाटेवडा खाल्ला. इतका गरम बटाटा आणि इतके थंडपणे खाणारे आपण, असं काहीतरी तेव्हा वहीत लिहिलं होतं. वय होतं ते.

पिठलं_भात | शनिवार, रात्री १०.५२

प्रशासक, हा धागा पाककृती विभागात हलवावा ही विनंती. आतापर्यंत केक, पोळपाट-लाटणं, चमचा, बटाटे दोन प्रकारे.

तिरपागडा | रविवार, सकाळी ९.००

जपान झालं, हंगेरी झालं, बेल्जियम झालं. मराठी सिनेमा कोणी आणणार आहे की नाही?

चैतन्य ताम्हाणे, ‘कोर्ट’, २०१४. व्हेनिसला पुरस्कार, मग राष्ट्रीय पुरस्कार, मग आपल्याकडचे म्हणाले, अरे हा मराठी आहे होय. गटारात उतरणारा एक सफाई कामगार मरतो. तुझ्या गाण्यामुळे त्याने आत्महत्या केली, असं म्हणून एका म्हाताऱ्या लोकशाहिरावर खटला भरतात. शाहिराचं काम वीरा साथीदारांनी केलंय. नागपूरचे, स्वतः चळवळीतले. २०२१ च्या कोविडात गेले.

प्रसंग शेवटाकडचा. कोर्टाला सुट्टी लागणार. कामकाज संपतं. वकील उठतात, कारकून कागद आवरतात, माणसं निघतात. कॅमेरा मागे एका जागी. मग दिवे बंद होत जातात आणि पडदा काळा. आपल्याला वाटतं संपला. आपण चपला शोधायला लागतो. पुन्हा उजेड होतो तर न्यायाधीशसाहेब कुटुंबकबिल्यासह रिसॉर्टच्या सहलीला. शेवटी बाकावर बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागतो. पोरं ओरडून त्यांना दचकवतात. साहेब हाताला लागेल त्याला एक ठेवून देतात. कुणाच्या गालावर बसली तर त्यातल्या त्यात गरीब पोराच्या. बाकीची पळाली.

शाहीर अजून आतच.

ओसाकाकर | रविवार, सकाळी ९.२२

+१. यात सरकारी वकीलबाईंचा भाग विसरू नका. गीतांजली कुलकर्णी. कोर्टात वसाहतकाळातल्या कायद्याची कलमं एका दमात वाचणारी बाई संध्याकाळी लोकलने घरी येते आणि पदर खोचून स्वयंपाकाला लागते, बाकीचे टीव्हीसमोर. आपण तिच्यावर चिडायचं ठरवून बसलेलो असतो, तेवढ्यात ती ताटं वाढते.

तिरपागडा | रविवार, सकाळी ९.३०

म्हणून काय शाहिराला आत टाकलं ते माफ? हे असं ‘तीही माणूसच’ करून करून सगळे सुटतात.

ओसाकाकर | रविवार, सकाळी ९.४१

माफ कोण म्हणालं? चिडायचं ते चिडाच, ताटं वाढलेली बघून चिडा.

सावळी | रविवार, सकाळी ११.१५

वाद चालू द्या, मला एकच सांगायचंय. वरचे सगळे प्रसंग परत वाचा. सगळीकडे कोणीतरी हाताने काहीतरी करतंय आणि कॅमेरा ते पुरं होईपर्यंत थांबलाय. याला तुम्ही लोक ‘संथ’ म्हणता. वीस पोळ्या लाटायला जेवढा वेळ लागतो तेवढाच लागतो, त्याला मी संथ म्हणत नाही. ज्यांनी कधी पुरं काम बघितलं नाही, थेट ताटच बघितलं, त्यांना कंटाळा येणारच.

आणि धागाकर्ते, तुमच्या लाडक्या प्रसंगातली ती आई. ती मुलाकडे बघत नाही म्हणालात. कुठे बघत असते हो?

ताकभात | रविवार, सकाळी ११.२०

आता धागाकर्ते दोन दिवस येणार नाहीत.

पिठलं_भात | रविवार, रात्री ९.३५

ताई, पोळ्यांचं लागलं. खरं आहे, काय बोलणार.

दुपारी आईबाबा आले होते. म्हटलं बघू या तोक्यो. बाबा वीस मिनिटांत झोपले (घराणंच आहे). मी मात्र जागा राहिलो, कारण आई सतत बोलत होती. सबटायटलं मी वाचून दाखवत होतो. दहाव्या मिनिटाला तिने सगळ्यांना आपल्या नात्यातली नावं दिली. मोठा डॉक्टर मुलगा म्हणजे एक काका, ती सून म्हणजे आमची एक मामी. नावं सांगत नाही, ते इथे वाचतात.

केकच्या प्रसंगाला मी ओसाकाकरांच्या भरवशावर आईकडे बघितलं, आता हिला राग येणार. ती म्हणाली, ‘बरोबर आहे तिचं. घरात दुकान चालवते, आल्या-गेल्याचं बघते, नवऱ्याने न विचारता पैसे उडवले. बोलणार नाही तर काय करील?’ म्हटलं आई, तिने आईबापांना पुढे गरम पाण्याच्या झऱ्याच्या गावी पाठवून दिलं, स्वस्तातल्या हॉटेलात, रात्रभर धिंगाणा. आई म्हणाली, ‘पाठवलं तरी ना. तू कुठे पाठवलंस?’

शेवटी ती धाकटी बहीण, मास्तरीण, चिडून सुनेला विचारते, आयुष्य म्हणजे निराशाच आहे ना? आणि सून हसून हो म्हणते. मी वाचून दाखवलं. आईने रिमोट घेऊन टीव्ही थांबवला, म्हणाली, ‘हसून म्हणाली की तसंच?’ मागे नेऊन परत दाखवायला लावलं. हसूनच म्हणते.

मग आई चहा टाकायला उठली. मी म्हटलं बस, मी टाकतो. साखर कुठे आहे ते विचारायला लागलं. स्वतःच्याच घरात.

ओसाकाकर | सोमवार, सकाळी ६.५०

काकूंना माझा नमस्कार सांगा. सत्तर वर्षं लोक शिगेला खलनायिका ठरवताहेत, त्यांनी एका दुपारी सोडवलं.

शेवटची_रांग (धागाकर्ता) | सोमवार, रात्री ११.१०

आलो. ताकभात, दीडच दिवस लागला.

सावळी, काल रात्री परत बघितला. ‘आई कुठे बघत असते’ हे एवढंच बघायला.

ती कपडे धूत असते. पिळते, उभी राहते, दोरीवर टाकते, परत वाकते. बाळाचं बघते. अहमद एका पायावरून दुसऱ्या पायावर होत वहीचं सांगत असतो आणि तिच्या हाताला कोपरापर्यंत पाणी. तिला त्या दोन वह्या हातात घेऊन बघायच्या असत्या तर आधी हात पुसावे लागले असते. हे मी तीन वेळा बघून मला दिसलं नव्हतं. मी सगळा वेळ पोराच्या डोळ्यांत बसलो होतो.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. तो आईचा डोळा चुकवून टेकडीवरची नागमोडी वाट चढून पोश्तेला, मित्राच्या गावी, पळतो. ती वाटसुद्धा किआरोस्तामीने सिनेमासाठी मुद्दाम पाडून घेतली होती. घर सापडत नाही. रात्री तसाच परत येतो, जेवत नाही, आणि एका खोलीत जमिनीवर वही उघडून बसतो, मित्राचाही गृहपाठ स्वतःच लिहून काढायचा म्हणून. सकाळी मास्तर ती वही तपासतात तेव्हा पानांत एक फूल निघतं. सगळे त्या फुलाबद्दल लिहितात. मीही एकदा लिहिलंय, बक्षीस मिळालं होतं.

पण त्याच्या आधी, तो लिहायला बसलेला असताना, वाऱ्याने दार धाडकन उघडतं. बाहेर अंधार, वाळत घातलेले कपडे उडताहेत, आणि आई धावपळ करत ते गोळा करतेय. दुपारी धुतलेले तेच. पोरगा मान वर करून बघतो. पहिल्यांदाच तो तिच्याकडे नुसता बघतो, काही मागत नाही. मग खाली बघून परत लिहायला लागतो.

माझा प्रसंग बदलून हा घ्या.

सावळी | मंगळवार, सकाळी ८.०५

डबे गेले की बघते. दार कितव्या मिनिटाला उघडतं तेवढं लिहा.

शेवटची_रांग (धागाकर्ता) | मंगळवार, सकाळी ८.२०

नाही लिहीत. सगळा बघा.